रूळ एक, गाड्या अनेक

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्यांनी मिरज जंक्शनवरून प्रवास केला असेल, त्यांना तेथील एक दृश्य खचित आठवत असेल. त्या एकाच स्थानकात तीन मापांचे रूळ नांदत होते. पुण्याकडून येणारी गाडी ब्रॉडगेजवरून येई, बेळगाव-लोंढ्याकडे जाणारी मीटरगेजवरून निघे, आणि पंढरपूर-कुर्डुवाडीची चिमुकली गाडी नॅरोगेजवरून धावे. पहिल्या रुळांतील अंतर १,६७६ मिलिमीटर, दुसऱ्यांतील १,०००, आणि तिसऱ्यांतील अवघे ७६२. प्रवासी तोच, त्याला जावयाचे ठिकाणही ठरलेले. परंतु मिरजेस आल्यावर त्याला उतरावे लागे, वळकटी आणि ट्रंक हमालाच्या स्वाधीन करावी लागे, आणि दुसऱ्या फलाटावरची गाडी गाठावी लागे. हा सारा खटाटोप त्याच्या हातून काही चूक घडली म्हणून नव्हे, तर रूळ टाकणाऱ्यांनी एक माप धरले नाही म्हणून!

या जुन्या स्थानकाची आज आठवण व्हावी, याचे कारण मात्र संगणकाच्या पडद्यावरचे आहे. आपण एखाद्या दुव्यावर बोट ठेवतो, आणि जे पान उघडावयाचे ते उघडत नाही. किंवा उघडते, पण अर्धेमुर्धे. कोठेतरी तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेले असते की, हे पान अमुक एका ब्राउझरमध्येच नीट दिसेल. मग आपणांस उतरावे लागते, पत्ता उचलावा लागतो, आणि दुसऱ्या ब्राउझरचा फलाट गाठावा लागतो. हे ओझे वाहून नेण्यासाठी काही कुशल मंडळींनी एक छोटीशी सोय तयार केली. तिला एक्स्टेंशन म्हणतात. आपण तिला पुरवणी म्हणू. ही पुरवणी ब्राउझरला जोडली की दुव्यावर माऊसची उजवी कळ दाबताच ‘दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडा’ असा पर्याय समोर येतो. हा आपल्या पडद्यावरचा हमाल होय. हमाल लहान असला, तरी त्याच्या असण्यामागची कथा लहान नाही. आणि ती केवळ यंत्रांची कथा नाही, हेच मला आज सांगावयाचे आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहत असत. सारी आळी त्यांना गुरुजी म्हणे. एका कार्यालयाकडे त्यांना एक अर्ज करावयाचा होता, आणि तो केवळ संगणकावरूनच स्वीकारला जाई. मुदत संपावयास दोन दिवस उरले असताना ते माझ्याकडे आले. तीन वेळा त्यांनी तो लांबलचक अर्ज भरला होता आणि तिन्ही वेळा शेवटची ‘सादर करा’ ही कळ दाबल्यावर काहीच घडले नव्हते. ना होकार, ना नकार. गुरुजी म्हणाले, ‘‘अहो, पत्ता मी अक्षरन् अक्षर तपासून घातला. नाव, जन्मतारीख, सारे बरोबर आहे. मग माझे चुकले तरी कोठे?’’ उभे आयुष्य दुसऱ्यांच्या चुका तांबड्या शाईने दुरुस्त करण्यात गेलेल्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे अपराधीपण दिसले, ते मी विसरू शकलो नाही. त्यांचे चुकले नव्हतेच. ते पान तयार करणाराने एकच ब्राउझर डोळ्यांपुढे ठेवला होता, आणि गुरुजी दुसऱ्या ब्राउझरमध्ये बसले होते.

वास्तविक ज्या कल्पनेतून हे सारे जग उभे राहिले, तिचा हेतू नेमका याच्या उलट होता. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत देशोदेशींचे शास्त्रज्ञ काम करीत. त्यांची यंत्रे निरनिराळ्या जातींची असत, आणि एका यंत्रावरची माहिती दुसऱ्यावर वाचणे दुरापास्त होई. यावर उपाय म्हणून टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने १९८९ साली एक योजना मांडली आणि १९९० च्या अखेरीस पहिला ब्राउझर तयार केला. प्रत्येक पानाला एक पत्ता असावा, आणि तो पत्ता हाती असणाऱ्या कोणालाही, त्याचे यंत्र कोणतेही असो, ते पान वाचता यावे, हे त्या योजनेचे सार. पहिला ब्राउझर नेक्स्ट नावाच्या एकाच जातीच्या यंत्रावर चाले. म्हणून पाठोपाठ केवळ अक्षरे दाखविणारा, परंतु पुष्कळ जातींच्या यंत्रांवर चालणारा दुसरा साधा ब्राउझर करण्यात आला. सौंदर्यापेक्षा सर्वसंचार श्रेष्ठ, असाच जणू तो कौल होता. पुढे ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ही विद्या विनामूल्य सर्वांसाठी खुली केली, आणि १९९४ साली रुळांचे माप सर्वांनी मिळून ठरवावे यासाठी बर्नर्स-ली यांनीच एक संघ स्थापन केला.

परंतु रूळ सर्वांचे असले, तरी गाड्या सोडणारे व्यापारी असतात. १९९३ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातून मोझॅक हा चित्रे दाखविणारा ब्राउझर बाहेर पडला. १९९४ मध्ये नेटस्केप आला. आणि १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोरर आणला. मग स्पर्धा जुंपली. प्रत्येकाने पानांच्या भाषेत आपापले खास शब्द घुसडण्यास आरंभ केला. ज्याचा शब्द, त्याच्याच ब्राउझरला तो कळे. एक्स्प्लोरर तर संगणकाबरोबर आयताच येत असे. साहजिकच काही वर्षांत शंभरांतील नव्वदांहून अधिक लोक तोच वापरू लागले. या प्रकरणी अमेरिकेच्या सरकारने १९९८ साली मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला भरला. कंपनीचे दोन तुकडे करण्याचा खालच्या न्यायालयाचा हुकूम २००१ साली वरच्या न्यायालयाने रद्द केला. मात्र मक्तेदारी टिकविण्यासाठी अयोग्य मार्ग वापरल्याचा ठपका कायम राहिला. पण तोवर नेटस्केपची गाडी रुळांवरून घसरली होती.

एका गाडीच्या सोयीने फलाट बांधले की पुढे काय होते, याचे दक्षिण कोरियाइतके बोलके उदाहरण दुसरे नसेल. १९९० च्या दशकात अमेरिका बळकट गुप्तलिपीची परदेशी निर्यात रोखून धरीत असे. कोरियाने मग स्वतःची ‘सीड’ नावाची गुप्तलिपी सिद्ध केली. स्वाभिमानाच्या आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने ही गोष्ट अभिनंदनीयच होती. पण ती गुप्तलिपी कोणत्याच ब्राउझरला ठाऊक नसल्याने अ‍ॅक्टिव्ह-एक्स नावाचा एक जोडभाग वापरण्यात आला, आणि तो केवळ एक्स्प्लोररमध्ये चाले. परिणामी बँकेचा व्यवहार करावयाचा असो की बाजारहाट, संपूर्ण राष्ट्र एका परदेशी कंपनीच्या एकाच ब्राउझरला बांधले गेले. २०१४ साली त्या देशाच्या राष्ट्राध्यक्षा पार्क ग्युन-हे यांनी जाहीर तक्रार केली की, कोरियन दूरचित्रमालिकेत पाहिलेला कोट विकत घेण्याची इच्छा चिनी ग्राहकांना असूनही या अडथळ्यांमुळे तो घेता येत नाही. सुरक्षिततेसाठी बांधलेली भिंत घरच्याच व्यापाराच्या आड आली! तेथील जुनी प्रमाणपत्रांची सक्ती अखेर २०२० च्या डिसेंबरात संपुष्टात आली.

अशा परिस्थितीत हमालाची गरज निर्माण झाली, यात नवल नाही. २००४ च्या नोव्हेंबरमध्ये फायरफॉक्स हा खुल्या सहकारातून घडलेला ब्राउझर पहिल्या पूर्ण आवृत्तीत आला. लोकांना तो आवडला. पण बँकेचे अथवा कचेरीचे पान समोर आले की पुन्हा एक्स्प्लोररकडे धाव घ्यावी लागे. तेव्हा फायरफॉक्सला जोडावयाच्या ज्या पुरवण्या निघाल्या, त्यांत चालू पान उचलून एक्स्प्लोररच्या हवाली करणाऱ्या पुरवण्याही होत्या. काहींत तर यादी करून ठेवण्याची सोय होती. यादीतला पत्ता आला की पुरवणी न विचारताच त्याची रवानगी करी. २००८ साली आलेल्या क्रोमसाठीही गूगलने मोठ्या कचेऱ्यांकरिता अशीच एक पुरवणी पुढे दिली, आणि कालांतराने तिचे काम खुद्द ब्राउझरच्याच अंगी मुरविले. नव्या गाडीने जुन्या फलाटांसाठी स्वतःच हमाल ठेवावा, इतकी ही गरज खरी होती.

आता हा हमाल काम कसे करतो, ते पाहू. कारण त्यातच सुरक्षिततेचे मर्म आहे. पूर्वी फायरफॉक्सच्या पुरवण्यांना जवळजवळ मोकळे रान होते. त्या संगणकावरचा कोणताही कार्यक्रम परस्पर सुरू करू शकत. जो हमाल आपले सामान उचलतो, त्याच्या हाती घराच्या साऱ्या किल्ल्या असाव्यात, तसा हा प्रकार. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्सच्या ५७ व्या आवृत्तीने ही मोकळीक काढून घेतली. तेव्हापासून पुरवणी ब्राउझरच्या कुंपणाआत राहते. दुसरा ब्राउझर सुरू करण्याची शक्ती तिला स्वतःला नाही. मग उपाय काय? संगणकावर एक छोटा सहायक कार्यक्रम निराळा बसवावा लागतो. पुरवणी कुंपणाच्या आतून चिठ्ठी देते, सहायक ती बाहेर घेतो आणि दुसऱ्या ब्राउझरला हाक मारतो. कोणत्या पुरवणीची चिठ्ठी स्वीकारावयाची, हे त्या सहायकाच्या नोंदपत्रात नाव घालून लिहिलेले असते. इतर कोणाचीही चिठ्ठी घेतली जात नाही. प्रत्येक चिठ्ठीच्या आरंभी तिची लांबी नमूद केलेली असते. जणू टपालखात्यातील नोंदणीकृत पत्रच!

पुष्कळांना या दुहेरी व्यवस्थेचा कंटाळा येतो. ‘‘एक बटण बसवावयाचे, त्यासाठी दोन वस्तू कशाला?’’ असे ते विचारतात. परंतु ही दगदग सार्थ आहे. कुंपणात दार पाडावयाचे तर ते घरमालकाने जाणूनबुजून पाडलेले असावे. सहायक कार्यक्रम लिहिणाऱ्यावरही जबाबदारी आहे. हाती आलेली चिठ्ठी खरोखरच एखाद्या पानाचा पत्ता आहे की पत्त्याच्या वेषातील आज्ञा आहे, हे त्याने पारखून घेतले पाहिजे; नाहीतर एखादा लबाड दुवा त्याच्याकरवी भलतेच काम करवून घेईल. आणि वापरणाऱ्याने पुरवणी कोणत्या परवानग्या मागते ते वाचावे. केवळ सांगितलेला दुवा पोचविणारीला फार थोडे अधिकार पुरतात. यादीप्रमाणे आपोआप रवानगी करणारीला आपण कोठे कोठे जातो हे पाहावे लागते. म्हणून तिच्यावर विश्वास टाकण्यापूर्वी अधिक विचार हवा. आणि दुवा पोचविण्याचे काम सांगणारी पुरवणी जर प्रत्येक पानावरचा मजकूर वाचण्याची व बदलण्याची मुभा मागू लागली, तर तिला कारण विचारण्याचा आपणांस हक्क आहे. समाधान न झाल्यास ती काढून टाकावी, हे उत्तम.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. हा हमाल नेतो तो केवळ पत्ता. आपली ओळख तो नेत नाही. एखाद्या संकेतस्थळावर आपण नाव व परवलीचा शब्द देऊन प्रवेश करतो, तेव्हा ते स्थळ ओळख पटविणारी एक खूणचिठ्ठी ब्राउझरपाशी ठेवते. तिला कुकी म्हणतात. एका ब्राउझरच्या कुकी दुसऱ्यास दिसत नाहीत. म्हणून दुवा दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडला की आपण तेथे अनोळखी पाहुणे ठरतो आणि पुन्हा प्रवेश करावा लागतो. अर्धा भरलेला अर्जही मागेच राहतो. गुरुजींच्या बाबतीत हेच झाले. मी पुरवणीच्या साहाय्याने ते पान जुन्या ब्राउझरमध्ये उघडून दिले, तेव्हा पडद्यावर कोरा अर्ज पाहून त्यांचा चेहरा उतरला. चौथ्या वेळी त्यांनी तो भरावयास घेतला. तेव्हा व्यवहाराचा नियम असा : रवानगी करावयाची तर प्रवेशापूर्वी करावी, अर्ज भरून झाल्यावर नव्हे. उलटपक्षी, काही पत्त्यांच्या पोटातच ओळखीची गुप्त खूण दडलेली असते. परवलीचा शब्द बदलण्यासाठी येणारा दुवा हा त्यांतलाच. तो ज्या ब्राउझरमध्ये उघडेल, तेथे ती किल्ली जाते. असा दुवा सामायिक संगणकावरच्या ब्राउझरच्या हवाली करू नये.

ओळख मागे राहते, ही अडचण खरी; पण तीच कित्येकदा सोयही ठरते. बँकेचे व्यवहार एका ब्राउझरमध्ये आणि इतर वाचन दुसऱ्यात ठेवणारे पुष्कळ सावध लोक आहेत. त्यांच्या दृष्टीने दुवा इकडून तिकडे पाठविणे म्हणजे दिवाणखान्यातली वस्तू दिवाणखान्यात आणि तिजोरीतली तिजोरीत ठेवणे होय.

येथवर आपण पाहिले ते पानाच्या दोषामुळे गाडी बदलणे. पण प्रवाशाला स्वतःच्या पसंतीने गाडी बदलावयाची असेल, तर? येथे खरी कसोटी लागते. विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्यांत शोधपट्टीतून निघणारे दुवे, वापरणाऱ्याची निवड कोणतीही असली तरी, कंपनीच्या एज या ब्राउझरमध्येच उघडावेत, अशी योजना होती. त्या दुव्यांना आरंभीच एजचे नाव चिकटविलेले असे. एका स्वतंत्र रचनाकाराने ते नाव पुसून दुवा आपल्या आवडत्या ब्राउझरकडे वळविणारे छोटे साधन केले. २०२१ च्या नोव्हेंबरात विंडोजमध्ये बदल करून ती वाट बंद करण्यात आली. मिरजेच्या फलाटावर हमाल तर होता, पण त्याला आत येऊ द्यावयाचे नाही, असा हा प्रकार. युरोपने या बाबतीत कायद्याचा आधार घेतला. ब्राउझर निवडण्याचा पडदा वापरणाऱ्यांपुढे ठेवण्याचे वचन मायक्रोसॉफ्टने २००९ साली युरोपीय आयोगाला दिले, आणि ते पुरतेपणी न पाळल्याबद्दल २०१३ साली ५६ कोटी १० लाख युरोंचा दंड भरला. मार्च २०२४ पासून तेथे नव्या कायद्यान्वये मोठ्या कंपन्यांना आपल्या फोनांवरही निवडीचा पडदा दाखवावा लागतो.

इंटरनेट एक्स्प्लोररचे पर्व आता संपले आहे. १५ जून २०२२ रोजी त्याला निवृत्ती मिळाली. तरीही जगातील कित्येक कचेऱ्यांची जुनी पाने त्याच्याचसाठी लिहिलेली असल्याने एजच्या पोटात त्याची एक प्रतिकृती जिवंत ठेवण्यात आली असून, ती निदान २०२९ पर्यंत चालविण्याचे आश्वासन आहे. यजमान गेला, पण त्याच्या नावाने मांडलेले पान अजून उठलेले नाही!

मग प्रश्न मिटला काय? मला तसे वाटत नाही. ऑपेराने २०१३ मध्ये आणि एजने २०२० मध्ये आपापली जुनी इंजिने सोडून क्रोमच्या मुळाशी असलेले इंजिन स्वीकारले. आज प्रमुख इंजिने उरली आहेत ती तीन : क्रोमादिकांचे एक, अ‍ॅपलच्या सफारीचे दुसरे, आणि फायरफॉक्सचे तिसरे. पाने तयार करणारे पुन्हा एकदा बहुसंख्यांच्या ब्राउझरवर काम तपासतात आणि समाधान मानतात. नाव बदलले, सवय तीच. आपल्या देशातील रेल्वेने १९९२ पासून एकाच मापाचे रूळ करण्याचा मोठा उद्योग हाती घेतला आणि मिरजेसारख्या ठिकाणची यातायात संपविली. त्यातून घ्यावयाचा बोध नीट ओळखला पाहिजे. एक असावयाचे ते रूळ, गाडी नव्हे. रूळ एक असले की कोणाचीही गाडी कोठेही जाऊ शकते. गाडीच एक उरली, तर तिच्या चाकांचे माप हेच रुळांचे माप होऊन बसते, आणि ते बदलण्याचा अधिकार गाडीच्या मालकाकडे जातो.

यावर उपाय अवघड नाही. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठी २००९ साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली, त्यांतच निरनिराळ्या ब्राउझरांवर पाने तपासून पाहण्याचे सांगितले आहे. कागदावरचा हा नियम हाताच्या सवयीत उतरावयास हवा, एवढेच. ज्याच्या हातून एखादे पान जगापुढे जाणार आहे, त्याने ते प्रसिद्ध करण्यापूर्वी एकदा दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडून पाहावे, आणि तिसऱ्यातही. त्यासाठीदेखील हीच छोटी पुरवणी उपयोगी पडते. वाचकाने नाइलाज म्हणून वापरावयाचे साधन लेखकाने कर्तव्य म्हणून वापरले, तर वाचकाला त्याची गरजच पडणार नाही.

गुरुजींचा अर्ज मुदतीच्या शेवटच्या संध्याकाळी पोचला. पोच आल्यावर त्यांनी तो कागद दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि मला म्हणाले, ‘‘म्हणजे माझे उत्तर बरोबरच होते, पेपर तपासणाराची वही वेगळी होती.’’ त्यांनी हे हसत म्हटले. पण ज्यांच्या शेजारी विचारावयास कोणी नसेल आणि ज्यांची मुदत अशीच टळून गेली असेल, त्यांना हसू कसे येणार? पत्ता बरोबर असणाऱ्या माणसाला दारातून परत फिरावे लागू नये, याच वचनावर हे जाळे विणले गेले. ते वचन पुरते पाळले जाईपर्यंत फलाटावरच्या या हमालाला आपण जपले पाहिजे, आणि त्याची गरज लवकर संपावी अशी इच्छाही धरली पाहिजे.